दापोऱ्याचं पहिलं केळं

शनवारा, बऱ्हाणपूर
५ जानेवारी २०२५

चि. मृणाल हिस आईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि मला धड ऐकू येत नाही, म्हणून पत्र. चेतन या पत्राचा फोटो काढून तुला टोरांटोला पाठवेल. डायलिसिसला डावा हात मशीनला बांधलेला, उजवा रिकामा. त्या वेळात तुझं पुस्तक वाचून काढलं. जन्मभर नागरिकशास्त्र शिकवूनही ‘जैवसत्ता’ हा शब्द पचायला वेळ लागला. पण कळलं. पूर्वीची सत्ता मारायची भीती घालायची. आताची जगवते, आणि जगवता जगवता माणसाचं वजन, रक्त, पाणी सगळं ताब्यात घेते.

मग मी आपल्या घराकडे पाहिलं. पाणी मापून. केळं बंद, का तर त्यातलं पोटॅशियम मला चालत नाही. दापोऱ्याच्या मळ्यातला घड उतरला की पहिलं केळं घरातल्या मोठ्या बाईनं खायचं, मग इतरांनी, ही तुझ्या आजीपासूनची रीत. मी खात नाही म्हणून तुझा भाऊही खात नाही. केळ्याच्या गावात राहून उपास!

मला आता मशीन नको, मृणाल. थकले गं. बंद केलं तर थोडेच दिवस उरतील, हे डॉक्टरांनी लपवलं नाही. चेतन म्हणतो, ताई हो म्हणेल तरच. तेवढं हो पाठव.

लोभ असू दे, हुकूम पुरे.
तुझी आई

टोरांटो
८ जानेवारी

ती. आईस सा. न. वि. वि.

नाही. पुस्तक सरकारांबद्दल आहे, छावण्यांबद्दल, इस्पितळांबद्दल. त्यात स्वतःला शोधू नकोस. वर्गात तुझ्यासारखी विद्यार्थिनी मिळाली असती, तर मी केव्हाच नोकरी सोडली असती. गेल्या महिन्यात तुझं हिमोग्लोबिन वाढलं होतं ना? एप्रिलमध्ये परीक्षा संपल्या की मी येतेच आहे. तोवर डायलिसिसचा एकही वार चुकवू नकोस. खाण्यापिण्याचा तक्ता चेतनला पाठवला आहे.

माझ्यावर रागाव, पण राहा.
तुझी मृणाल

शनवारा
१२ जानेवारी

चि. मृणाल हिस आशीर्वाद.

तुझा तक्ता फ्रिजवर लागला. पुस्तकात सरकार आहे, डॉक्टर आहेत, तुरुंग आहे. लेकीचा फोन कुठेच नाही. पुढच्या आवृत्तीत घाल.

शुक्रवारी सुई टोचताना मी रडले. दुखण्याची सवय झाली आहे. सोमवारी पुन्हा हेच, या विचारानं रडले. सिस्टर म्हणाली, मांजी, टेन्शन मत लो, बेटी के लिए जीना है. तुझ्यासाठी बरीच जगले गं. एप्रिलपर्यंतचं बळ अंगात उरलेलं नाही.

तू मला धरून ठेवलंस त्यात माया आहे, हे मला ठाऊक आहे. म्हणून तर तुझ्याकडे मागते. सरकारकडे मागितलं नसतं.

उत्तराची वाट पाहते.
आई

टोरांटो
१४ जानेवारी

ती. आईस सा. न.

लिहून लिहून कागद फाडले. आज याच विषयावर तास होता. अर्ध्यातच मुलांना सोडून दिलं. कुणाच्या देहावर दुसऱ्याचा हक्क नसतो, असं इतकी वर्षं लिहिलं, आणि तुझा देह मात्र माझाच धरून बसले. मला तू हवी आहेस. यात तत्त्वज्ञान काही नाही.

हो, आई.

एकवीस तारखेचं तिकीट मिळालं आहे. मी येईपर्यंत थांब.

तुझी
मृणाल

शनवारा
१७ जानेवारी

चि. मृणाल हिस पोटभर आशीर्वाद.

तू येईपर्यंत मशीन चालू ठेवायचं का, असं डॉक्टरांनी विचारलं. मी नको म्हटलं. मला समोर पाहिलंस की तुझं हो टिकायचं नाही. लहानपणापासून ओळखते तुला. रागावू नकोस.

काल दापोऱ्याहून घड आला. पहिलं केळं मी खाल्लं. मग चेतनला भरवलं. एवढा घोडा झालाय, पण घास तोंडात धरून रडत बसला. धाप लागते, अक्षर वाकडं येतंय, चालवून घे.

पुढचा घड उतरेल तेव्हा घरातली मोठी बाई तू असशील. पहिलं केळं खायला येत जा, बाळ. नाहीतर चेतन पुन्हा उपाशी राहील.

तुझी आई