खिशाखालचा निळा

तीर्थरूप आईस, लांबूनच पायांवर डोकं ठेवतो.

मी मजेत आहे. तू शिवलेल्या निळ्या शर्टाचा रंग विटू नये म्हणून तू सांगितलंस तसंच करतो. उलटा करून गार पाण्यात धुतो, सावलीत वाळवतो. खोलीतले म्हणतात, अजून नवाच दिसतो. मलाही तसंच वाटायचं.

काल कामावर दाराच्या कडीत अडकून खिसा उसवला. मला काही लागलं नाही. पण खिशाखाली बघतो तर तू शर्ट हातात दिलास त्या दिवसाचा निळा. इतका गर्द, की डबा उघडायचा सोडून मी बघतच राहिलो. रोज अंगात घालून मला पत्ताच लागला नाही, आई.

तूही होतीस तशीच असशील, असं धरून चाललो होतो. डोळे कसे आहेत तुझे? सुईत दोरा कोण ओवून देतं?

खिसा पिनेने टाचून ठेवलाय. मी येतो, तूच शिव.

तुझा,
धाकटा