पांढऱ्या हेल्मेटचा मुराळी

आई, तुला हसू येईल, पण पन्नाशीला टेकलेली तुझी लेक सध्या बाहुल्यांची परीक्षा घेत बसते. साध्यासुध्या बाहुल्या नव्हेत बरं. परग्रहावरचे योद्धे, यंत्रमानव, अंतराळवीर, सगळे वीतभर उंचीचे आणि सांध्यासांध्यात वाकणारे. मोठी माणसं ते जमवतात. हो, मोठी, नोकरीधंद्याची, डोक्यावरचे केस गेलेली माणसं! बँकेतून आले की मी आमच्या जुळे सोलापूरच्या फ्लॅटमध्ये खिडकीजवळ टेबल ओढते, मोबाइल उभा करते आणि कोणती फिगर घेण्यासारखी आहे, कोणती नुसती दिखाऊ, ते मराठीत सांगते. लोक बघतात. का बघतात ते मला नीटसं कळलेलं नाही, आणि ह्यांना तर मुळीच नाही. "तुझ्या आईनं लहानपणी खेळणी दिली नव्हती का गं तुला?" असं विचारतात. दिलं होतं की. एकच दिलं होतं, आणि त्याच्याचबद्दल मला तुला विचारायचं आहे.

झालं असं, की पंधरा दिवसांपूर्वी पुण्याच्या एका दुकानदारानं नवाकोरा सेट पाठवला, सहा जणांचा. माझ्यावर विश्वास टाकून कुणी असं पाठवायची ही पहिलीच वेळ. अट एवढीच, की व्हिडिओ करायचा आणि सगळं जसंच्या तसं परत द्यायचं. शनिवारी कुरिअरवाला न्यायला येणार. ह्या नादातल्या लोकांचं काय सांगू, बॉक्सचा कोपरा जरा दबला तरी नाक मुरडतात. मी हात धुऊन, पुसून एकेकाला बाहेर काढलं. निळ्या अंगाची राणी, चार हातांचा खाणकामगार, एक वैमानिक पोरगी, लोखंडी कुत्रा, काळ्या झग्यातला खलनायक. आणि सहावा पांढरा, हेल्मेट घातलेला.

मी परीक्षा कशी घेते माहीत आहे? तू घ्यायचीस तशी. तू मशीनवर टॉवेलांच्या कडा शिवायचीस आणि शिवून झालेला प्रत्येक टॉवेल आधी उलटा करून बघायचीस. मला अजून दिसते आहेस, मांडीवर टॉवेलांचा ढीग, तोंडात दोऱ्याचं टोक. "सुलट कुनीबी चांगलं करतंय," म्हणायचीस. तर मी त्या खलनायकाचा झगा आधी उलटा केला. कापड खरं, झुळझुळीत, पण कडेला शिलाईच नाही, नुसतं चिकटवलेलं! तू असतीस तर तिथंच बाजूला टाकला असतास. राणीचा चेहरा सुरेख, पण पाय असे लटपटे की टेकू दिल्याशिवाय उभी राहत नाही. चार हातवाल्याचे चारही हात डोक्यावर जातात, हे मला फार आवडलं. चार हातांनी माणूस आधी काय करेल, ह्याचाच विचार करत मी बराच वेळ बसले होते. मग पांढरा हातात घेतला आणि आई, मी मोबाइल पालथा घातला. तो आपला होता गं.

म्हणजे तोच नव्हे. आपला गड्ड्याच्या जत्रेतला. मी सात-आठ वर्षांची असेन. मला पाळण्यात बसायचं होतं आणि तू खेळण्यांच्या दुकानापुढून हलेना झालीस. भातुकली होती, डोळे मिटणारी बाहुली होती, आणि तू उचललास तो पांढरा अंतराळवीर, एक पाय ताठ, हेल्मेट कायमचं बंद. दुकानदाराला विचारलंस, "ह्यो कुटनं आलाय?" तो गमतीनं म्हणाला, "आकाशातनं, मावशी. लई लांबनं." तू त्याला उलटासुलटा केलास, काउंटरवर उभा करून बघितलास आणि म्हणालीस, "एवढ्या लांबनं आलाय म्हंजे ह्याला वाट म्हाईत हाय." मी रुसले होते. मला बाहुली हवी होती.

घरी आल्यावर त्याला हळदकुंकू लागलं. नवं काहीही घरात आलं की तुझं ते ठरलेलंच, मग तो कुकर असो, पंखा असो नाहीतर माझं दप्तर. त्याच्या हेल्मेटवर हळदीचा पिवळा टिळा कायमचा बसला. आणि त्या भाद्रपदात लक्ष्म्या आल्या तेव्हा तू त्याला आरासीत सगळ्यांच्या पुढं, उंबऱ्याच्या बाजूला उभा केलास. फराळाची ताटं, फळं, मातीची बैलजोडी आणि मध्येच हा! शेजारणी हसल्या. तू शांतपणे म्हणालीस, "मुराळी हाय त्यो. लक्ष्म्यांना म्हायेरी घिऊन आलाय." तिसऱ्या दिवशी लक्ष्म्या उतरवल्या, की त्याचं तोंड दाराकडं फिरवायचीस. आता त्यांना पोचवायला निघाला म्हणून. मी एकदा विचारलं, "पोचवून झाल्यावर हा काय करतो गं?" तू म्हणालीस, "मग त्यो मोकळा की." आणि उंबऱ्यावर त्याच्या शेजारी जरा टेकलीस.

तेव्हा मला काही कळलं नाही. नागपंचमीला शेजारणींचे भाऊ न्यायला यायचे, पिशव्या घेऊन त्या एसटी स्टँडकडं निघायच्या, आणि तू मशीनचं पायडल मारत राहायचीस. तुझा भाऊ तुमच्या लग्नात बाबांशी भांडला तो पुन्हा आपल्या दारात आलाच नाही. तुझं माहेर, वैराग, काय लांब होतं? सकाळच्या गाडीत बसलं तर दुपारच्या जेवणाला घरी. मी म्हणायची, आपणच जाऊ की. "न्यायला आल्याबगार कसं जायचं?" एवढंच तुझं उत्तर. आई, मला हे विचारायचं आहे, की त्या जत्रेत इतक्या खेळण्यांतून तू त्यालाच का उचललंस? तो माझ्यासाठी होता का तुझ्यासाठी? आणि त्याच्या बंद हेल्मेटात तुला कुणाचं तोंड दिसायचं?

ह्या नव्याचं हेल्मेट उघडतं. मी उघडलं. आत उतारवयाचा माणूस आहे, डोळ्यांखाली सुरकुत्या, दमलेला, पण आल्यावर बरं वाटलेलं दिसतं. काय सुंदर रंगवलाय! गुडघे दोन्ही वाकतात, उभाही भक्कम राहतो. मी व्हिडिओत त्याला सगळ्यात वरचा नंबर दिला.

पण परत पाठवायच्या आदल्या दिवशी त्याच्या हेल्मेटवर हळद लागली. पांढऱ्या प्लास्टिकवरची हळद, तुला सांगायला नको. साबण झाला, लिंबू झालं, गेली नाही. मी पुण्याला फोन केला. "काय सांगता ताई!" दुकानदार ओरडलाच. "अहो, हा आता कोण घेणार?" मी म्हटलं, मी विकत घेते, सवयीनं झालं, आमच्यात नव्या वस्तूला लावतात. त्यानं किंमत सांगितली. मग म्हणाला, "बाकीचे पाच नीट पाठवा. पुढचा सेट पाठवायचा का नाही, ते मात्र मी बघतो." चिडला होता, आणि त्याचं काय चुकलं? पुढचा सेट येईल असं मला वाटत नाही. त्याचं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू.

काल लक्ष्म्या बसल्या. आरासीच्या पुढं, दाराच्या बाजूला तो उभा आहे. तुझा जुना हवा होता गं, पण तू गेल्यावर भाड्याचं घर रिकामं केलं त्यात तो कुठं गेला ते कळलंच नाही. खूप शोधला. बाबा आधीच गेलेले, मी एकुलती एक, त्यामुळं तू गेलीस तेव्हाच माझं माहेरही गेलं. पंचमीला माझ्या शेजारणींचे भाऊ आता मोटारी घेऊन येतात, मी वरून बाल्कनीतून बघते.

सकाळी हे आरासीपुढं उभं राहून म्हणाले, "सवयीनं लागली म्हणतेस, मग बाकीच्या पाचांना कशी नाही लागली?" मी विचारलं, "चहा टाकू का?"

तुझ्यापासून काय लपवायचं? पाचांना मी लावलीच नाही. ह्यालाच लावली, ओली करून, अंगठ्यानं चांगली दाबून, आणि रात्रभर तशीच वाळू दिली. कुरिअरवाला त्याला घेऊन गेला असता तर मला न्यायला कोण आलं असतं?