रिकामी टोपली

तुलाका गाव, २ मार्च १९९६

चि. एडिनास,
नेस्ता मावशीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

येत्या ईस्टरच्या सोमवारी ऑलिव्हताईला जाऊन वर्ष होतं. डोंगरापलीकडच्या किनाऱ्यावरची तिची वाळू दुखवट्यापायी वर्षभर काठ्यांचं कुंपण घालून बंद होती. पाखरांनी त्या गरम वाळूत मजेत अंडी पुरली असतील. सोमवारी कुंपण निघेल, आणि पहिलं अंडं तिच्या लेकीनं, म्हणजे तू, स्वतःच्या हातानं उकरून काढायचं. तुझ्याऐवजी मी काढलेलं चालत नाही. शिवाय माझ्या गुडघ्यानं केव्हाच हात टेकले आहेत.

तू आली नाहीस तर वाळू आजीच्या घराण्यातल्या पुढच्या बाईकडे जाते. माझ्या वाट्याची वाळू मला आहेच, म्हणून ती बाई म्हणजे माझी मावसबहीण डोरिका. तिनं आत्तापासूनच टोपल्या विणायला घेतल्यात. रीतीप्रमाणे साक्षीदार म्हणून तीच तुझ्याबरोबर येईल. एकच सांगते, टोपली रिकामी आणू नकोस. गावात रिकामी टोपली आणली की हक्क सोडला असं धरतात, मग कोणी काही ऐकून घेत नाही.

वाफेच्या घळीतून चढताना चपला काढू नकोस. शहरात राहून तुझे तळवे आता नाजूक झाले असणार. गरम ओढ्यातल्या पांढऱ्या दगडावर पाय देऊ नकोस, तो पोकळ आहे.

माझी माया तुझ्यापाशी आहेच. तू जरा लिहीत जा.

तुझी,
नेस्ता मावशी


होनियारा, ११ मार्च १९९६

ती. नेस्ता मावशीस,
एडिनाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र विल्सनदादाच्या होडीतून आलं, त्याला माशांचा वास येत होता. मी येते. शाळेला सुट्टी आहे आणि माझ्या वर्गातली पोरं चार दिवस मला विसरली तर बरंच.

खांद्यापर्यंत वाळूत हात घालायची मला भीती वाटते हे तुला ठाऊक आहे. आई मला त्यावरून कायम चिडवायची. पण तिची म्हणून तेवढीच वाळू उरली आहे. मी रांगायला तिथेच शिकले. ती डोरिका मावशीकडे गेली तर बेटावर यायला मला कारण काय उरणार? तू आहेस, पण तू नुसती रागावतेस.

सुपारी आणते आहे. लोभ ठेव आणि थोडी सुपारी डोरिका मावशीलाही ठेव.

तुझी,
एडिना


तुलाका गाव, १४ एप्रिल १९९६

चि. एडिनास,
आशीर्वाद. वि. वि.

आशीर्वाद रीत म्हणून लिहिले आहेत, मनात नाहीत. सोमवारी तू डोंगर उतरलीस, रिकामी टोपली माझ्या अंगणात टाकलीस, भरती चुकेल म्हणालीस आणि होडीकडे पळालीस. मी तुझ्यासाठी कसाव्याचे कंद आणि नारळाचं दूध पानात बांधून भट्टीत ठेवलं होतं. ते शेजाऱ्यांनी खाल्लं.

डोरिका गावभर सांगते आहे की ऑलिव्हच्या लेकीला एक अंडं मिळालं नाही, पाखरांनीच तिला नाकारलं. काल प्रार्थनेनंतर ती मला मुद्दाम विचारत होती की ऑलिव्हच्या कुंपणाच्या काठ्या मला सरपणाला हव्यात का. मी तशीच घरी आले आणि तुझी टोपली अंगणातून उचलून आत ठेवली.

मुखिया बेलो महिनाअखेर निकाल देतील. काय झालं ते खरं खरं लिही.

नेस्ता मावशी


होनियारा, १९ एप्रिल १९९६

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

रागाव, पण पूर्ण वाच.

डोरिका मावशी सगळा चढ माझ्यापुढे होती आणि मागे वळून माझ्या धापा मोजत होती. पांढऱ्या दगडावर मी पाय दिला नाही, तिनं मात्र दिला आणि गुडघाभर गरम पाण्यात गेली. हे तिनं गावात सांगितलं नसेल. तीन तासांनी काळी वाळू दिसली. लाटा अशा होत्या की होडी तिथे कधीच लागणार नाही. तिनं कुंपण काढलं आणि झाडाखाली बसून पान जमवलं.

मी आडवी झाले आणि आधी आईच्या काठीनं, मग हातानं उकरत गेले. वाळू आतून कढत होती. खांद्यापर्यंत हात गेला तेव्हा अंडं लागलं, दोन्ही हातांत मावेल एवढं. बाहेर काढलं आणि मावशी, ते आतून हललं. तळहाताला दोन टिचक्या मारल्यासारखं वाटलं.

आईनं सरळ टोपलीत टाकलं असतं, मला माहीत आहे. असली अंडी आपण खातोच. मला नाही जमलं. मी ते परत खाली ठेवलं, वाळू लोटली आणि शेजारी आईची ती उकरायची काठी रोवली. डोरिका मावशीला माझी पाठ तेवढी दिसली. परतताना मला इतकी लाज वाटली की भरतीचं निमित्त करून मी पळाले. आईची वाळू माझ्या हातानं घालवली, हेच डोक्यात होतं.

लोभ उरला असेल तेवढा पुरे.

एडिना


तुलाका गाव, १९ मे १९९६

चि. एडिनास,
मनापासून अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मी मुखियांना वाचून दाखवलं. डोरिका म्हणाली, अंडं काढून परत पुरणारी बाई कोणी कधी ऐकली आहे का, पोरगी खोटं बोलते. मी म्हणाले, इतकं वेडं खोटं कोणाला सुचणार? मुखियांनी विचारलं, काठी आहे का? डोरिकाला कबूल करावं लागलं की आहे. मग ते म्हणाले, उकरायचं नाही, महिनाभर थांबा. काठीपाशी पिल्लू वर आलं तर पोरगी खरी, पहिलं अंडं तिनं काढलं असं धरू.

डोरिका राखणीला बसायला निघाली. तिच्या राखणीवर माझा विश्वास नाही आणि माझ्यावर तिचा नाही, म्हणून मीही गेले. गुडघ्यानं दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. झावळ्यांच्या एकाच खोपटात आम्ही दोघी एकोणीस दिवस होतो. पहिले चार दिवस पाठीला पाठ लावून बसलो. पाचव्या दिवशी तिचा चुना संपला आणि तिला बोलावं लागलं.

परवा सकाळी मी रताळी भाजत होते. डोरिका किंचाळली. काठीच्या बाजूची वाळू हलत होती. मग डोकं आलं, मग दोन पाय. एडिना, साठ वर्षं मी ही अंडी खाते आहे. आमच्याकडे अंडं वाळूतून निघतं ते भांड्यात जातं. पिल्लू मी कधी पाहिलंच नव्हतं, डोरिकानंही नाही. त्यानं अंग झटकलं. आई नाही, कोणी वाट बघत नाही. इकडेतिकडे बघितलं आणि धूम जंगलात पळालं. डोरिका म्हणाली, थेट ऑलिव्हची पोर, अशीच होडीकडे पळाली होती. आणि मग ती रडायला लागली. मीही रडले, रताळी करपली.

मुखियांकडे माझ्याआधी तीच गेली. पोरगी खरी, असं तिनं सगळ्यांसमोर सांगितलं. वाळू तुझी आहे.

पिल्लू वर आलं तिथला खड्डा मी बुजवला नाही. काठीही तिथेच आहे. सुट्टी लागली की ये. वाटेल तितकी अंडी काढ, नाहीतर एकही काढू नकोस. रिकाम्या टोपलीनं उतरलीस तरी आता तुला कोणी काही म्हणणार नाही. पण या वेळी जेवल्याशिवाय होडीकडे पळालीस तर याद राख.

तुझी,
नेस्ता मावशी

ता. क. डोरिकाला चुना हवा आहे. चांगला आण.