रिकामा डबा परत करू नये

यवत, बुधवार

खुटबाव मुक्कामी आदरणीय नजमुन्निसा खाला यांस यवतहून इम्रानचा अदबीने सलाम.

तुमचा गुडघा कसा आहे? अयुब खालू रक्तदाबाची गोळी नियमित घेतात ना, की बरं वाटलं की अजून अर्धीच घेतात? (अर्धी गोळी घेतल्याने दाब अर्धा होत नाही, हे डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलं आहे.) तुमच्या लुबनाची एमएससीआयटीची परीक्षा चांगली गेली असेल. इकडे सगळे खुशाल आहेत, म्हणजे मी सोडून सगळे.

आधी आभार मानून घेतो. पुढचा मजकूर वाचून तुम्ही पत्र चुलीत घालण्याची शक्यता आहे, तेव्हा आभार तरी वाचलेले असावेत. नववीत मी शाळा सोडली तेव्हा अब्बांनी मला पंक्चरच्या दुकानात बसवलं आणि तुम्ही मला रोज पेपरातली एक बातमी शुद्ध उतरवून आणायला लावली. चुकलेला शब्द दहा वेळा लिहायची शिक्षा होती. (‘परिस्थिती’ हा शब्द मी चारशे दहा वेळा लिहिला आहे, म्हणजे एक्केचाळीस वेळा चुकला.) त्याच अक्षरावर बापूसाहेबांनी मला त्यांच्या भीमाकाठ फुटबॉल संघाचा व्यवस्थापक केलं. मी आयुष्यात चेंडूला पाय लावलेला नाही, हे मी त्यांना प्रामाणिकपणे सांगितलं होतं. ते म्हणाले, “खेळणारे अठरा हायेत, लिवणारा एक बी न्हाई.” तेव्हा आज माझ्या खिशात जे पेन आहे ते तुमच्यामुळे आहे, आणि या पेनामुळेच मी अडचणीत आहे.

त्याचं असं झालं. आमच्या भीमा-घोड लीगमध्ये यंदापासून सॅलरी कॅप आली. म्हणजे एका संघाने सगळ्या खेळाडूंना मिळून मोसमाला बारा लाखांच्या वर द्यायचं नाही, मग मालकाचा ऊस कितीही एकर असो. बापूसाहेबांना मी हे तीनदा समजावलं. दोनदा त्यांना वाटलं की पगाराबरोबर टोप्या वाटायच्या आहेत, आणि त्यांनी शिंप्याला मापंही द्यायला लावली. तिसऱ्यांदा समजलं तेव्हा म्हणाले, “म्हंजी टोपी लीगनं आपल्यालाच घातली व्हय.” त्याच्या जोडीला आला मोकळा पंधरवडा. ज्याचा करार संपला तो खेळाडू या पंधरा दिवसांत कोणत्याही संघाशी बोलू शकतो, आणि त्याला फ्री एजंट म्हणतात. आपल्या भागात एजंट म्हणजे एक तर विम्याचा, नाही तर आरटीओचा. त्यामुळे आमचा गोलकीपर बिलाल फ्री एजंट झाल्याचं कळताच मैदानाशेजारच्या कुशाबाई नातवाच्या गाडीचे कागद घेऊन हजर झाल्या, की फुकटात पासिंग होतंय तर करून टाक बाबा. बिलालने रजा काढून ते करून दिलं. (त्याचा हा स्वभाव लक्षात असू द्या, पुढे लागेल.)

बिलाल म्हणजे पाटसचा, तो उंच मुलगा, ज्याला गेल्या मोसमात ढाब्यावरच्या जेवणाने पित्त झालं होतं. आठवडाभर तुमच्याकडचा डबा मिळेल का, असं मी विचारलं, आणि तुम्ही पाच महिने पाठवलात. चौदा सामन्यांत त्याने फक्त सहा गोल खाल्ले, कारण पोट आधीच भरलेलं असायचं. आता शिरूरच्या घोडनदी संघाचा व्यवस्थापक सत्यजीत त्याच्या मागे लागला. त्याने एक लाख दहा हजार देऊ केले. माझ्याकडे बाकी सतरा जणांचे करार करून चौऱ्याण्णव हजार उरले होते. मी भीत भीत नव्वद म्हणालो. बिलाल थोडा वेळ बुटाच्या नाडीशी खेळला आणि म्हणाला, “नव्वद चालतील. डबा चालू ऱ्हाईल ना?” खाला, शिरूरचे वीस हजार तुमच्या कालवणाने हरवले. मी मैदानावरच शुक्रान्याची, म्हणजे आभाराची, नमाज पढलो.

पण करारासोबत एक अर्ज भरायचा होता, आणि त्यात रकाना होता, ‘पगाराव्यतिरिक्त इतर लाभ’. बाकीच्या सर्व संघांनी तिथे आडवी रेघ मारली. मला मारवेना. रकाना रिकामा सोडला की तो दुसराच कोणीतरी भरतो, हे तुम्हीच शिकवलं आहे. मी स्वच्छ अक्षरात लिहिलं, ‘रोज एक डबा, चार चपात्या, कालवण, शुक्रवारी बिर्याणी, माझ्या खालाकडून (मावशीकडून), विनामोबदला.’ दोन तासांत सत्यजीतची हरकत आली. (लीग कागद सगळ्यांना पाठवते. माझं अक्षर चांगलं असल्यामुळे फोटोतही स्पष्ट वाचता आलं.)

काल दौंडला सुनावणी झाली. लीगचे अध्यक्ष ज्ञानदेव सर हे निवृत्त कवायत शिक्षक, अजून बोलताना मध्येच सावधान म्हणतील असं वाटतं. त्यांनी हायवेवरच्या ढाब्याचा दर लावला. थाळी एकशे वीस, दिवस दीडशे, झाले अठरा हजार. नव्वद आणि अठरा मिळून एक लाख आठ हजार, म्हणजे मी मर्यादेच्या चौदा हजार वर. मी उभा राहून म्हणालो की ढाब्याचा रस्सा आणि माझ्या खालाचा रस्सा एका भावात धरणं हा खालाचा अपमान आहे. सर म्हणाले, “मंग भाव वाढवू का?” मी खाली बसलो.

तेवढ्यात मला तुमची रीत आठवली. आपल्यात डबा रिकामा परत करत नाहीत. यवतला डबा बन्सीच्या दुधाच्या गाडीतून येतो, पण परत द्यायला बिलाल स्वतःच मोटारसायकलवर जातो, आंघोळ करून. डबा तुमच्या लग्नातला असल्यामुळे तो हरवू नये म्हणून मी प्रत्येक खेप आणि आतली वस्तू वहीत टिपून ठेवली होती. ही देवाणघेवाण आहे, लाभ नव्हे, असं सांगून मी वही काढली आणि मोठ्याने वाचू लागलो. गूळ अर्धा किलो. शेवग्याच्या शेंगा, डब्यात बसाव्यात म्हणून तुकडे केलेल्या. चिकू. मोबाइलचा चार्जर, सी टाइप. पेरू. एमएससीआयटीचे प्रश्नसंच, घडी घालून. चष्मा पुसायचं कापड, गुलाबी. पुन्हा चिकू.

ज्ञानदेव सरांनी हात वर केला. “इम्रान, तुजी खाला कम्प्युटर शिकती व्हय?” मी खुलासा केला की नाही, खालाकडे बटणांचा फोन आहे, त्याला सी टाइप लागतही नाही, आणि खालाला चष्मा फक्त वाचायला लागतो. मग सत्यजीत खोकल्यासारखा हसला. बिलाल छताच्या पंख्याकडे पाहत होता, जणू चेंडू तिकडूनच येणार आहे. मी पुढचं पान वाचू का, असं विचारलं. सर म्हणाले, “नगं. बस तू.” (खरं सांगतो खाला, एसटीत पाटस येईपर्यंत मला काहीही कळलं नव्हतं. पाटसला कळलं तेव्हा मी सीटवरून उठून उभा राहिलो आणि कंडक्टरला वाटलं मला उतरायचं आहे.)

गूळ, चिकू वगैरेचे दोन हजार वजा झाले. बारा हजार अजून वरच. शेवटी सरांनी नियमांचं पुस्तक उघडलं आणि कोणाकडेही न पाहता नववा नियम वाचला, की खेळाडूने जवळच्या नातेवाइकाकडे केलेलं जेवण लाभ धरू नये. मग पुस्तक मिटून म्हणाले, “शनिवारी पाचला मुदत संपती. तवर कुणाचं काय नातं निघालं तर लेखी कळवा.”

खाला, हे पत्र फक्त आभाराचं आहे. डबा बंद करा, असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? आणि तो चालू राहिला तर करार रद्द होऊन बिलाल शिरूरला जाणार, हे तुम्हाला कळवायचं नव्हतं पण कळवलं. तो गेला तरी तुमच्या हातचं खाऊन एक माणूस पाच महिने निरोगी राहिला, ही पुण्याई कोणत्याही मर्यादेत धरली जात नाही. खालूंना सलाम, लुबनाला दुआ.

तुमचा आज्ञाधारक,
इम्रान

ता. क. परवा शुक्रवारी नमाजनंतर बिलालची अम्मी शिरीनबी आणि त्याचे वडील पाटसहून तुमच्याकडे चहाला येत आहेत. मी नको म्हणालो नाही. बिर्याणी करणार असाल तर ती मर्यादेत धरणार नाहीत, मी सरांना फोन करून विचारून घेतलं आहे.

ता. क. दोन. शनिवारपर्यंत मंगनी झाली तरी लीगला चालतं, निकाह मोसम संपल्यावर ठेवता येईल, तेव्हा खालूंना सांगा की घाई नाही. मुलगा पान-तंबाखू खात नाही. डबा घासून परत करतो, आणि माझ्या माहितीतला हा एकमेव गोलकीपर आहे जो झाकणसुद्धा घासतो.

ता. क. तीन. दुरुस्त अर्ज मी काल संध्याकाळी, बिलाल डबा परत करायला निघताना, त्याला सहीसाठी दिला होता. तो आज तुमच्याच डब्यातून, चपात्यांच्या खालून, भरून आला. नात्याच्या रकान्यात पेन्सिलीने ‘नियोजित जावई’ असं लिहिलेलं आहे. अक्षर माझं नाही, बिलालचंही नाही. दोन्ही वेलांट्या ऱ्हस्व आहेत, म्हणजे तुमच्याच हाताखाली शिकलेलं कोणीतरी आहे. तिच्यावर रागावू नका. अर्ज पत्रासोबत डब्यात ठेवला आहे. तुम्ही हो म्हणालात तर परत पाठवा, मी त्यावरून पेन फिरवीन. नाही म्हणायचं असेल तर त्याच्याखाली खोडरबर ठेवलं आहे. डबा रिकामा परत करू नये म्हणतात.