तळटीपेतला थोरला

दादा,

बाबांचं आत्मचरित्र मी वेबवर आणलं. छापील पुस्तकात तू कुठे आहेस, माहितीये? एका पानाच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत: ‘थोरला मुलगा घर सोडून गेला.’ बस्स. आपल्या कुत्र्याला अख्खं प्रकरण आणि तुला तळटीप! वेबवर पानच नसतं, मग त्याचा तळ कुठून आणणार? म्हणून मी मजकुरात एक छोटी चांदणी ठेवली. तिच्यावर बोट टेकवलं की तुझं वाक्य उघडतं.

ते पुस्तक फारसं कोणी वाचत नाही. पण कोण काय उघडतंय ते मला दिसतं, आणि ती चांदणी रोज सकाळी आपल्याच घरातून उघडली जायची. बाबा चहा घेताना टॅबलेट घेऊन बसायचे. विचारलं तर म्हणाले, “चुका तपासतोय.” तुझा विषय निघाला की ताटावरून उठणारा माणूस!

बाबा गेले रे. कळवणार तरी कुठे? पत्ता ठेवला होतास का?

ते गेल्यावरही चांदणी उघडतच राहिली. मला वाटलं, माझ्याच कामात काहीतरी बिघडलंय. आज सकाळी त्यांच्या खोलीत डोकावले, तर आई बाबांचा चष्मा लावून त्यांचा टॅबलेट घेऊन बसली होती.

“आई, दादाला शोधू का गं?”

“नको,” पडद्यावरून नजर न काढता ती म्हणाली. “इथे निदान बोट लावलं की येतो.”

तुझीच,
छकुली