चढासाठी दोन मोटरी

खारूताई,

ऐन वेळी ड्यूटी बदलली, आज आपली भेट चुकणार. तुझा स्केटबोर्ड तयार झालाय, दाराआड आहे, घेऊन जा. हेल्मेटशिवाय पाय ठेवलास तर याद राख!

दुकानदार म्हणत होता, शाळेपुरती एक मोटर आणि छोटी बॅटरी पुष्कळ झाली. मी हुज्जत घालून दोन मोटरी आणि मोठी बॅटरी घेतली, कारण आईच्या घराचा चढ एका मोटरला झेपला नसता. काल स्वतःच चालवून बघितला. तुमच्या फाटकापर्यंत आलो. खिडकीत तुझे मोजे वाळत होते. बेलवर बोट ठेवलं आणि तसाच वळलो.

घरी पोचलो तरी निम्मी बॅटरी शिल्लक होती. तेव्हा ‘बाबा, लांब पडतं’ ही सबब आता चालायची नाही.

— बाबा