पप्पूला विहिरीत ढकलल्यानंतर

९ नोव्हेंबर, रविवार
आज वाचनालयात माझ्या भयकथेचं जाहीर वाचन झालं. भोकरदनच्या इतिहासातलं पहिलंच. कथा: 'मसणवट्यातली चप्पल'. लेखक: रुधिर भोकरदनकर, म्हणजे मी. कडूबा नावाने हॉरर खपत नाही.
लाइट बंद करायला सांगितले होते. सेक्रेटरी रामरावांनी ते पुन्हा लावले. म्हणे म्हातारी माणसं ठेचकाळतात. तरी मी वातावरण तयार केलं. मेलेली बाई दार वाजवते आणि घोगऱ्या आवाजात म्हणते, माझी चप्पल दे. हॉल चिडीचूप. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून माझ्या मेहुण्याने, पप्पूने, विचारलं, "कितव्या नंबरची?"
तिथून पुढे कोणी भ्यालं नाही. मुडदा उठला तरी हसले. रामराव आभार मानताना म्हणाले, निखळ मनोरंजन झालं. भयकथा लिहिणाऱ्याचा याहून मोठा अपमान जगात नसेल.
वंदना पण हसली. स्वतःची बायको. विचारलं तर म्हणाली, खोकला आल्ता.
सूड घेणार. सगळ्यांचा.

१० नोव्हेंबर
प्लॅन तयार. कथांच्या ॲपवर नवी मालिका: 'सुडाची विहीर'. प्रत्येक भागात माझा एक शत्रू मरणार. नावं बदलायची नाहीत. पप्पूचं मोबाइलचं दुकान बसस्टँडजवळच राहील, पुढचा दात तुटकाच राहील. वाचणाऱ्याला शंका नको.

१३ नोव्हेंबर
वंदना माहेरी गेली, पिंपळगाव रेणुकाईला. लेखकाला एकांत लागतो हे तिने न सांगता ओळखलं. अशा बायका कमी असतात. खिचडी केली. करपली.

१९ नोव्हेंबर
भाग दोनमध्ये रामराव मेले. वाचनालयात एकटे असताना जुन्या मासिकांचं रॅक अंगावर पडलं. एकदम नाही, हळूहळू. 'निखळ' हा शब्द त्यांच्या तोंडातच राहिला. वाचताना माझ्याच अंगावर काटा आला. आता तो माणूस रस्त्यात तोंड दाखवणार नाही.

२२ नोव्हेंबर
रामराव रस्त्यात भेटले. चेहरा पांढरा पडला असेल म्हणून निरखून पाहिलं. उलट त्यांनीच माझ्या खांद्यावर हात टाकला. म्हणाले, ते रॅक खरंच डुगडुगतं, कमिटी ऐकत नव्हती, तुझा भाग मीटिंगमध्ये मोठ्याने वाचला आणि नवं रॅक मंजूर झालं. भाग दोनचं प्रिंटआउट नोटीस बोर्डावर लावलंय. वर लिहिलंय, 'अवश्य वाचा'.
हे वरवरचं आहे. आतून हादरलेत. मला कळतं.

२५ नोव्हेंबर
मी ज्युनिअर कॉलेजात लॅब असिस्टंट आहे. आज सांगाड्यासमोर उभा राहून माणूस विहिरीत पडल्यावर आधी काय मोडेल याचा अभ्यास करत होतो. प्राचार्य मॅडम आल्या आणि म्हणाल्या, उभे आहातच तर त्याच्यावरची धूळ पुसा. पुसली.
मॅडमला भाग पाचमध्ये घेतलं. फॉर्मॅलिनच्या बरणीत.
वंदनाचा फोन नाही. तिकडे नेटवर्क कमी असेल. स्टेटस मात्र दिसतात. आज मळ्यात उभी होती, चांगली हसत. मी पण फोन करणार नाही. झुरू दे.

२९ नोव्हेंबर
पप्पू संपला. भाग सात. विहीर, अंधार, मागून दोन हात. पाण्यात पडल्यावर खालून कोणीतरी पाय धरतं. तो ओरडतो, वर कोणी ऐकत नाही. पाच परिच्छेद ओरडला. मी घाई केली नाही.
पब्लिश करून चहा केला. फार दिवसांनी चहाला चव लागली.

३० नोव्हेंबर, संध्याकाळ
परिणाम पाहायला बसस्टँडकडून चक्कर मारली. पप्पूच्या दुकानावर फ्लेक्स. त्याचाच फोटो, गॉगल लावलेला. खाली: 'विहिरीत पडलेले तेच आपले पप्पूशेठ. ओरिजिनल चार्जर मिळेल.' दुकानात गर्दी. एक जण त्याच्यासोबत सेल्फी काढून राह्यला होता.
पप्पूने मला पाहिलं आणि दाजी दाजी करत ओढतच आत नेलं. चहा मागवला. माझ्या मोबाइलला फुकट नवी काच लावली. सगळ्यांना सांगितलं, हेच ते, यांनीच मला मारलं. मग जवळ येऊन हळूच म्हणाला, "दाजी, मरताना एखादा डायलॉग तरी द्यायचा व्हता."
चहा घेतला. शत्रूला जवळून पाहिलेलं चांगलं.

७ डिसेंबर
ॲपच्या एडिटर मॅडमचा पुण्याहून फोन. मालिका जोरात आहे, पण सगळ्या कमेंट पप्पूबद्दलच येतात. तो परत आणा म्हणाल्या. मी ठणकावलं, मेलेला माणूस परत येत नाही. त्यांनी शांतपणे विचारलं, "सर, तुम्ही भयकथाच लिहिता ना?"
विचार करतो म्हणालो. यांना पण घेणार. लिफ्टमध्ये.

११ डिसेंबर
पप्पूला परत आणला, पण भूत म्हणून. आता त्याला कायमच्या यातना. जिवंतपणी नव्हत्या त्या. सूड उलट वाढला.

१५ डिसेंबर
पप्पूच्या भुताने आजच्या भागात विहिरीतल्या हडळीला हरवलं आणि एका लग्नाच्या वऱ्हाडाला वाचवलं. असं लिहायचं नव्हतं. होऊन गेलं. वाचक त्याला 'पप्पूदेवा' म्हणून राह्यलेत.
माझ्याबद्दल एकच कमेंट: लेखकाने पप्पूभाऊंच्या मध्ये मध्ये येऊ नये.

१९ डिसेंबर
शेजारचे बदरोद्दीनचाचा टेलर नाराज होऊन आले. गल्लीतला दूधवाला मेला, गिरणीवाला मेला, इस्त्रीवाला मेला. एवढी वर्षं माझ्या पँटी शिवून त्यांचं नाव कुठंच नाही. म्हणाले, आमच्यात काय कमी है? एकच अट घातली, मरताना मशीन चालू पाहिजे.
त्यांच्यावर माझा काही राग नाही. तरी मारलं. जाताना मापं घेऊन गेले, नवीन शर्टासाठी.
लोक आता वेळ विचारून येतात. प्राचार्य मॅडमनी पण स्टाफरूममध्ये बोलावून घेतलं. मला वाटलं मेमो मिळतो. बरणीतून बाहेर काढून एखादा मोठा रोल देता येईल का, असं विचारलं. सूड म्हणून सुरू केलं आणि आता समाजसेवा होऊन राह्यली. पण गावात दहशत आहे, हे नाकारता येणार नाही.

२६ डिसेंबर
वंदनाचा अजून फोन नाही. न राहवून मी केला. सासूबाईंनी, द्वारकाबाईंनी, उचलला. ती शेतात गेलीय म्हणाल्या. मागून तिचाच आवाज येत होता. शेत घराच्या फार जवळ असावं.
ठरवलं: मालिकेचं प्रिंटआउट काढून, बाइंडिंग करून स्वतः नेऊन दाखवायचं. कोणत्या माणसाला सोडून आपण माहेरी बसलो, हे तिला कळलं पाहिजे. आणायला जातोय असं दिसता कामा नये.

४ जानेवारी, रविवार
पिंपळगाव रेणुकाईला जाऊन आलो.
सासूबाईंनी भाकरी वाढली. वंदना ओसरीवर मेथी निवडत होती. मी बाइंडिंग पुढे ठेवलं. तिने हात लावला नाही. म्हणाली, मोबाइलवर सगळं वाचलंय. आनंद झाला. विचारलं, कुठं भ्या वाटलं?
मेथी निवडता निवडता बोलली. "यात रामराव हायेत, पप्पू हाय, चाचा हायेत, तुमच्या मॅडम हायेत. दूधवाला बी मेला. मी कुठंय?"
मी म्हणालो, तुला कसं मारीन मी?
"मारायचं ऱ्हाऊ द्या. साधी दाराआडून बी गेले न्हाई मी कुठं. कोनी पानी मागतंय, मी आणून देऊन राह्यले, असं बी न्हाई."
मी म्हणालो, तू माहेरी आलीस ते मला एकांत मिळावा म्हणूनच ना? तेव्हा तिने मान वर केली.
"निघताना मी तुम्हाला काय म्हणले व्हते?"
मला आठवेना. त्या सकाळी मी रामरावांवर रॅक पाडत होतो.
"मी म्हणले, मी आता वापस यायची न्हाई. तुम्ही म्हणले, बराबर."
नंतर मेथी घेऊन आत गेली. मी थोडा वेळ बसलो. नंतर गाडीची वेळ झाली असं मीच मोठ्याने म्हणालो. कोणी थांब म्हणालं नाही. बाइंडिंग तिथंच राहिलं. कंडक्टर ओळखीचा निघाला. आपल्याला कधी मारता, विचारत होता.

६ जानेवारी
मार्ग सापडला. वंदनावर अख्खा भाग लिहायचा, सगळ्यात भीतिदायक. वाचून ती स्वतःच येईल.
'वंदना घरात एकटी होती' इथपर्यंत झालं. पुढं तिला भीती कशाची वाटते ते लिहायचं. भुताची नाही. साप ती काठीने हाकलते. पालीची मला वाटते, तिला नाही. दुपारभर बसलो. माहीत नाही.

७ जानेवारी
शेवटी पप्पूला विचारलं. किती खाली यावं लागलं. बहिणीबद्दल भावाला माहीत असणार. तो फ्लेक्स बदलून राह्यला होता. पहिल्यांदाच चेष्टा केली नाही. म्हणाला, मला कशाला विचारता दाजी, अक्काला विचारा की.

८ जानेवारी
फोन केला. तिनेच उचलला. म्हणालो, कथेसाठी पाहिजे, तुला भ्या कशाचं वाटतं?
मग म्हणाली, "घरात बोलायला कोनी नसलं की वाटतं."
मी म्हणालो, पण मी तर रोज घरातच असायचो.
"हां," ती म्हणाली. "तेच."
समोर कागद होता, पेन होता. यात भूत कुठून आणायचं ते कळेना. फोन तिने ठेवला नव्हता. तिकडे भांडी वाजत होती. आता काहीतरी बोलायला पाहिजे हे मला कळत होतं. एवढी माणसं मारली, एकेकाच्या मरणावर पानंच्या पानं लिहिली, आणि मला एक वाक्य सुचेना. शेवटी विचारलं, यंदा तूर कशी आहे?
म्हणाली, बरी हाय. मग खालच्या वावरातली कशी वाळली ते सांगितलं. मग आईचे गुडघे. मग शेजारणीचं. येते म्हणाली नाही. मी ऐकत राह्यलो.
आजचा भाग गेला नाही. ॲपवर लोक विचारून राह्यलेत, लेखक मेला का. पप्पूच्या नावाने कोणीतरी खाली लिहिलंय, चालेल.